कबरीवरच्या दगडाला काय विचारावे

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये पसरलेल्या आयरिश वंशजांना आपले मूळ घराणे शोधण्याची मोठी ओढ असते, आणि त्यांतले बरेच जण कधी ना कधी आयर्लंडमधल्या एखाद्या जुन्या दफनभूमीत येऊन पोहोचतात. बहुतेकांना हवी असते मृत्यूची तारीख. माझ्या मते तिथेच शोधाची दिशा चुकते. तारीख आणि वय हा दगडावरचा सर्वांत कच्चा मजकूर असतो. गाव कोणते, नाते काय आणि दगड कोणी उभा केला, हा मजकूर त्याहून पुष्कळ पक्का. दगडाला मृत्यूचा दाखला न मानता कुटुंबाने दिलेली साक्ष मानावे, म्हणजे त्याच्याकडून पुष्कळ कळते.

आयर्लंडमध्ये दगडाला इतके मोल का, हे कागदांची कहाणी पाहिली की समजते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स इमारतीतले अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे थोडे तुकडे सोडता सारे कागद गेले. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या, म्हणजे स्थानिक धर्मविभागांच्या, नोंदवह्या आणि असंख्य मृत्युपत्रेही गेली. पण सगळा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. म्हणून आज संपूर्ण हाती लागणारी पहिली जनगणना १९०१ ची. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ पासून, आणि त्या मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावेच नसत. यावर कोणी म्हणेल, कॅथलिक नोंदवह्या तर त्या इमारतीत नव्हत्या, त्या वाचल्या; शिवाय त्यांची छायाचित्रे २०१५ पासून राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांना खुली केली आहेत. खरे आहे. परंतु ग्रामीण भागातल्या अनेक वह्या १८२० नंतरच सुरू होतात, आणि बाप्तिस्मा व विवाह नोंदवणाऱ्या पाद्र्यांनी दफनाची नोंद बरेचदा ठेवलेलीच नाही. नेमकी ही उणीव दगड भरून काढतो.

असा एखादा दगड नीट वाचून पाहावा. सुरुवात पुष्कळदा मृतापासून होत नाही, ती दगड उभारणाऱ्यापासून होते: अमुक टाउनलँडच्या अमक्याने आपल्या वडिलांच्या, आईच्या आणि लहानपणी गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ हा दगड उभा केला. एवढ्या एका वाक्यात तीन पिढ्या जोडल्या जातात. पत्नीचे नाव येते तेव्हा जुन्या दगडांवर तिचे माहेरचे आडनावही बरेचदा कोरलेले असते, आणि त्या एका शब्दाने दुसरे घराणे उघडते. सर्वांत मोलाचे टाउनलँडचे नाव. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला विभाग, आपल्या शिवारासारखा. देशात असे साठ हजारांहून अधिक आहेत. मर्फी आणि केली ही आडनावे इतकी पसरलेली, की नुसत्या नावावरून माणूस सापडणे अशक्य. टाउनलँड कळले, की १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ग्रिफिथच्या जमीनमूल्यांकनात त्या शिवारातले कुळ शोधता येते, तिथून पॅरिश कळते आणि पॅरिशवरून बाप्तिस्म्याची वही.

आता तारखांविषयी. दगड पुष्कळदा मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, हाती पैसा आल्यावर उभारला जाई, आणि तपशील आठवणीतून सांगितला जाई. वय तर अंदाजानेच. याचा उत्तम पुरावा दगडाबाहेर आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागली, पण या म्हाताऱ्यांच्या जन्माची सरकारी नोंदच नव्हती. तेव्हा वय सिद्ध करण्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांची नावे शोधली गेली. मूळ जनगणना पुढे जळाली, त्या शोधाचे अर्ज मात्र उरले, आणि आज तेच वंशावळीचे साधन झाले आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणनांमधल्या दहा वर्षांत कित्येकांचे वय दहापेक्षा जास्त वर्षांनी वाढलेले दिसते. त्यात पेन्शनचा लोभ असेल, पण आपले वय पक्के माहीत नसणे हेही तितकेच खरे. तेव्हा दगडावर ऐंशी वर्षे लिहिले असेल, तर त्याच्या अलीकडची पलीकडची पाच-सात वर्षे तरी तपासावीत.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबीचा आहे. नाव कोरलेला दगड परवडणारे थोडेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार जण बिनखुणेचे पुरले आहेत. बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांना तर पवित्र भूमीत जागाच नव्हती. त्यांना वेगळ्या, ओसाड जागी पुरत. म्हणजे ज्यांच्यावर देश सोडायची पाळी आली, बहुधा त्यांच्याच घरच्यांचे दगड नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि दगड सापडला नाही म्हणून घराणे तिथले नव्हते असा निष्कर्ष कोणी काढू नये. मात्र वाट तेवढ्याने बंद होत नाही. परदेशी जाऊन चार पैसे मिळवलेल्या आयरिश माणसाच्या तिकडच्या कबरीवर जन्मगावची काउंटी आणि पॅरिश अनेकदा आवर्जून कोरलेली असते, आणि काहींनी न्यूयॉर्कहून पैसे पाठवून आईबापांचा दगड गावी उभा केला. तेव्हा शोध समुद्रापलीकडच्या कबरीपासून सुरू करणे शहाणपणाचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात भरती झालेल्या आयरिश शिपायांच्या बाबतीत हा उपाय लंगडा पडतो. भारतातल्या छावण्यांतल्या सैनिकी दगडांवर गावापेक्षा पलटणीचे नाव ठळक असते, आणि पुढचा माग ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या दफननोंदींतून काढावा लागतो.

राहिला शेवटचा प्रश्न: दगडांवरचे लेख उतरवून छापलेले असताना प्रत्यक्ष जायचे कशाला? १८८८ मध्ये याच कामासाठी आयर्लंडमध्ये संस्था निघाली, आणि १९६६ पासून काउंटी डाउनमधल्या लेखांचे खंड प्रसिद्ध झाले. आज झिजून गेलेल्या कित्येक दगडांचा मजकूर अशा कामामुळेच उरला आहे, म्हणून आधी ते पाहावे. पण नावांच्या सूचीत शेजार हरवतो. एकाच रांगेतले तीन दगड सासर, माहेर आणि धाकट्या भावाचे असू शकतात, आणि अकारविल्हे यादीत ते तीन टोकांना जातात. कॅथलिक घराण्याचा शोध घेणाऱ्याने प्रॉटेस्टंट चर्चच्या आवाराकडे पाठ फिरवू नये, कारण पडक्या मध्ययुगीन चर्चभोवतीच्या जुन्या जागेत दोन्ही पंथांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पुरले गेले. अक्षरे पुसट असली, तर आरशाने किंवा विजेरीने बाजूने तिरपा उजेड टाकावा. खडू, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांनी दगडाला इजा होते, तेव्हा ते टाळावेत. रांगेतल्या प्रत्येक दगडाचे छायाचित्र क्रमाने घ्यावे, ओळखीचे आडनाव नसले तरी, आणि खालच्या ओळी मातीत गेल्या असतील तर तसे टिपून ठेवावे.