होडीची ट्रॉली जोडताय? गाडी किती ओढते त्याआधी किती थांबवते ते बघा



एका तळ्यावरचं काम संपलं की होडी दुसऱ्या पाण्यावर न्यावी लागते. पूर्वी त्यासाठी ट्रॅक्टर नाहीतर टेंपो भाड्यानं सांगायचो. आता चिंताकी, औराद, भालकीकडं आपल्यापैकी काहींच्या दारात बोलेरो, स्कॉर्पिओ उभी असते. मग वेल्डिंगवाल्याकडून मागं हुक मारून घ्यायचा, दोन चाकांची ट्रॉली जोडायची आणि निघायचं. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं : "काय होत नाही, ओढती की गाडी!"

ओढते हे खरंच आहे. पण मागच्या उन्हाळ्यात कारंजा जलाशयाकडं जाताना उतारावर आमच्याच एका गाडीला ट्रॉलीनं मागून रेटलं. ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबेना, शेवटी रस्ता सोडून शेतात घालावी लागली. आत तीन लेकरं होती. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून आम्ही सगळेच हिशोब करायला लागलो. तोच इथं मांडतोय.

आकडा काय सांगतो?

ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या स्कॉर्पिओला ब्रेक असलेली ट्रॉली 2500 किलोपर्यंत ओढायची परवानगी आहे. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर फक्त 750 किलो. तिथल्या फॉर्च्युनरचंही तसंच, 3100 आणि 750. गाडी तीच, इंजिन तेच, तरी आकडा इतका खाली येतो, कारण ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचा सगळा भार गाडीच्याच ब्रेकवर येतो.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरला जिथं 750 च्या वर मुभा नाही, तिथं बोलेरोकडून जास्तीची अपेक्षा करू नका. आणि तिकडचा आकडा आपल्या गाडीला तसाच लावूही नका. गाडीसोबतचं पुस्तक बघा. त्यात आकडा नसेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आपलं वजन किती होतं?

अंदाजे धरू. रिकामी ट्रॉली 250 किलो, फायबरची होडी 250, इंजिन 40, जाळी-दोर 100, बर्फाची पेटी 60. झाले 700 किलो. आता होडीच्या तळाशी 100 लिटर पाणी राहिलं असेल तर आणखी 100 किलो. ओली जाळी कोरड्यापेक्षा जड, ते वेगळंच. म्हणून होडी वर काढली की आधी बूच काढून पाणी सोडा, मगच रस्त्याला लागा.

माणसांसकट गाडी 2000 किलो आणि ट्रॉली 800, मिळून 2800 किलो. आठ फुटांना एक फूट असा उतार असेल तर जवळपास 350 किलोचा जोर सतत खाली खेचत असतो. त्यात वेग 40 वरून 60 वर गेला की ब्रेकला सव्वादोन पट काम पडतं. म्हणून ट्रॉली मागं असताना सावकाश चला. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, उतारावर न्यूट्रल कधीच करू नका.

हुकवरचं वजन

ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर यावा, म्हणजे 800 किलोला 80 किलो. इंजिन आणि जाळी मागच्या टोकाला टाकली की ट्रॉलीचं तोंड उचलतं आणि वेगात ट्रॉली शेपटीसारखी हलते. एकदा हलायला लागली की सावरणं कठीण. असं झालंच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा.

हे मोजायला मासळी तोलायचा काटा पुरतो. सपाट जागेवर, चाकांना दगड लावून, ट्रॉलीचं तोंड हुकच्या उंचीवर राहील असा ठोकळा काट्यावर ठेवा आणि तोंड त्यावर टेकवा. वजन कमी आलं तर सामान पुढं सरकवा. हुकवरचं वजन गाडीच्या क्षमतेतूनच जातं, त्यामुळं मागच्या सीटवर चार माणसं आणि वर 80 किलो असं चालत नाही. सगळं मिळून किती भरतं ते एकदा वजनकाट्यावर गाडी घालून बघाच.

घरच्या घरी काय बघायचं

ट्रॉलीची बेअरिंग : आपल्या धंद्यात सगळ्यात आधी हीच जाते. लांबून आलेलं चाक गरम असतं. तसंच पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा. काठावर आल्यावर वीसेक मिनिटं थांबा, मगच ट्रॉली पाण्यात घाला.

टायर : हवा थंड टायरमध्ये तपासा. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत 3522 असेल तर तो 2022 सालच्या 35 व्या आठवड्यातला. वर्षभर उभ्या ट्रॉलीचे टायर नवे दिसले तरी बाजूनं तडकलेले असतात.

ब्रेक ऑईल : हे हवेतला ओलावा शोषतं. डॉट-3 ऑईल नवं असताना 205 अंशाच्या आत उकळत नाही, पण ओलावा धरला की 140 लाच उकळू शकतं. मग उतारावर पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी बदला.

क्लच : चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. जळका वास आला तर थांबून निवू द्या.

इंजिन, गिअर आणि मागच्या ॲक्सलचं ऑईल : ओढकाम करणाऱ्या गाडीला नेहमीच्या मुदतीआधी बदलावं लागतं. कूलंट प्रत्येक फेरीआधी बघा, पण गरम इंजिनचं झाकण उघडू नका.

हुक आणि साखळी : हुक चॅसिसला बोल्टनं बसवलेला हवा, बंपरला वेल्डिंग केलेला नको. हुक निसटला तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दोन साखळ्या आडव्या-तिडव्या लावा. ट्रॉलीचे मागचे दिवेही तपासा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रॉली हे वाहनच आहे, तिची नोंदणी लागते. गाडीत परवानगीशिवाय बदल करण्यावरही त्याच कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे. हुक बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, नाहीतर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात.

वजन 750 च्या जवळ जात असेल तर दोन फेऱ्या करा, किंवा इंजिन आणि जाळी वेगळ्या गाडीत टाका. डिझेल थोडं जास्त जाईल. आणि काहीही झालं तरी ट्रॉली मागं असताना लेकरांना त्या गाडीत बसवू नका, त्यांना दुसऱ्या गाडीनं येऊ द्या.

पुढच्या फेरीआधी ट्रॉलीचं तोंड एकदा काट्यावर ठेवा, आणि किती भरलं ते खाली लिहा.