आधी पाणी, मग मासे!

वाढदिवसाला किंवा परीक्षेत चांगले मार्क मिळाले म्हणून कुणाकुणाच्या घरी मासे येतात. काचेचं गोल भांडं, तळाशी रंगीत खडे आणि त्यात फिरणारा एक नारिंगी गोल्डफिश. पहिले दोन दिवस घरात नुसता उत्साह! तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं. पाचव्या दिवशी मासा वर येऊन तोंड उघडमिट करायला लागतो. आणि आठवडा संपता संपता... जाऊ दे. मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "आपल्याला मासे लाभतच नाहीत!"

लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नसतो बरं का! अशा वेळी माशाला बहुधा त्याच्या भोवतीचं पाणीच मारतं. म्हणून एक गोष्ट आधीच गाठीशी बांधा. मासे पाळायचे म्हणजे खरं तर पाणी पाळायचं. ते जमलं, की माशांचं निम्मं काम झालं.

एका रसायनशास्त्रज्ञाची टाकी

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ साली त्यांनी पन्नास-साठ लिटर पाण्याच्या एका टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे श्वास घेतील, असा हिशेब होता. पण वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली आणि पाणी गढुळलं. तेव्हा त्यांनी टाकीत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा नितळ झालं! १८५० साली त्यांनी हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला. टाकीतल्या प्रत्येकाची घाण दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, हे त्यातून दिसलं.

पण टाकीतले सगळ्यात महत्त्वाचे सफाई कामगार वॉरिंग्टनसाहेबांनाही दिसले नव्हते. ते म्हणजे जिवाणू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं तरी अमोनियाच होतो. हा अमोनिया माशाला विषासारखा असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर माशाला त्रास होत नाही, शिवाय वनस्पतींना ते खत म्हणून चालतं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? दुपारी टाकी आणतो आणि संध्याकाळी तिच्यात मासे सोडतो!

टाकी कुठे ठेवाल?

गोल भांडं विसरा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी काचेची टाकी घ्या. करा बरं गुणाकार! ५४,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. वॉरिंग्टनसाहेबांच्या टाकीएवढीच! लहान टाकी सोपी असं वाटतं, पण तसं नाही. पाणी जितकं जास्त, तितकी त्यातली घाण पातळ होते आणि तुमची छोटीशी चूक माशांच्या जिवावर बेतत नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच आणि वाळू धरली तर ही टाकी सत्तर किलोच्या वर जाते. त्यामुळे टीपॉय किंवा टीव्हीचं हलकं कपाट चालणार नाही. मजबूत, सपाट टेबल हवं आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ तुकडा. खिडकीतलं थेट ऊन टाळा, नाहीतर आठ दिवसांत काचा शेवाळाने हिरव्या होतील.

तळाला बारीक वाळू-खडी घाला, पण पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, टाकीत छान दिसतो आणि पाण्यात विरघळत नाही. मात्र या दगडाच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे चुनखडीचे स्फटिक असतात. ते ओळखायची युक्ती सोपी आहे. दगडावर लिंबाचे चार थेंब पिळा. फसफसला तर तो अंगणातच राहू द्या.

पाणी साफ ठेवायला हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर पुरे. त्याच्या छिद्राछिद्रांत आपले जिवाणू घर करतात. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. का बरं? वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येऊ शकतं. आणि वीज बराच वेळ आली नाही तर? मग्गाने टाकीतलंच पाणी उचलून थोड्या उंचीवरून हळूच ओता. तेवढीच हवा मिसळते.

देहूरोडला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. आपल्या पाहुण्यांना मात्र २४ ते २६ अंश सेल्सिअस मानवतं. म्हणून ५० ते १०० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर आणि एक थर्मामीटर लागेल. आईबाबांनो, विजेची जोडणी तुम्ही करा. आणि मुलांनो, सगळे स्विच बंद केल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही म्हणजे नाही!

आता थांबा!

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्यासाठी तो चांगला, पण मासे आणि जिवाणू दोघांनाही घातक. म्हणून पाणी उघड्या बादल्यांत चोवीस तास ठेवा आणि मग टाकीत ओता. व्हॅलिस्नेरिया किंवा विज्ञानाच्या पुस्तकातली हायड्रिला लावा. फिल्टर सुरू करा.

आणि मासे? अजून नाहीत! रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका. ते कुजेल, अमोनिया होईल आणि त्यावर जिवाणू वाढतील. पाणी तपासायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. दर चार दिवसांनी तपासून वहीत तारखेसह आकडे लिहा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले, की तुमचं पाणी तयार! हा आलेख विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगा होतो.

पालकांसाठी यात एक फायदा आहे. सगळा खर्च एकदम करावा लागत नाही. आणि महिनाभर रिकाम्या टाकीची निगा राखणाऱ्या मुलाच्या हाती मासे द्यायला हरकत नाही, हेही कळतं.

पहिले पाहुणे

सुरुवातीला सहा झेब्रा मासे आणा. अंगावर निळे-सोनेरी पट्टे असलेला हा चपळ मासा आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो असतो. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं त्याच्यात काही ना काही साम्य सापडतं, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हा मासा घोळक्याने राहतो, म्हणून एकटा-दुकटा आणू नका. तीन आठवडे सगळं ठीक चाललं, तर चार प्लॅटी आणा. पण सगळे नर आणा हं, नाहीतर पिल्लांनी टाकी भरून जाईल!

पिंपरी-चिंचवडहून लोकलने मासे आणणार असाल, तर पिशवी कापडात गुंडाळा. अंधारात मासे शांत राहतात. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग ती उघडून तिच्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं घाला आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. दुकानातलं पाणी टाकीत नको.

दोन मिनिटं आणि एक बादली

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. पोळी, ब्रेड, चुरमुरे अजिबात नको. मासे काचेपाशी येऊन कितीही लाडीगोडी करोत, तुम्ही विरघळू नका! गावाला तीन-चार दिवस जायचं झालं, तर उपाशी राहिल्याने धडधाकट मोठे मासे दगावत नाहीत. शेजाऱ्यांनी प्रेमाने घातलेलं मूठभर खाणं जास्त धोक्याचं असतं.

दर रविवारी नळीने दहा-बारा लिटर जुनं पाणी बादलीत काढा. तेवढंच शिळं, तितपतच गरम पाणी भरा. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा त्या काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही. सगळे जिवाणू धुऊन जातील ना! ते जुनं पाणी कुंड्यांना घाला. झाडं खूश होतील.

बदली झाली तर?

देहूरोडला लष्करी डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरी असल्यामुळे बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबं खूप. सामान बांधायच्या गडबडीत कुणीतरी म्हणतं, "मासे नदीत सोडून देऊ. बिचारे मोकळे होतील."

असं मुळीच करू नका. लोणावळ्याजवळ उगम पावून देहू, आळंदीकडे वाहत येणाऱ्या इंद्रायणीला तिचे स्वतःचे मासे आहेत. १८३९ साली कर्नल विल्यम साईक्स यांनी पुण्याजवळच्या नदीतल्या महासीर माशाचं वर्णन केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा इथलाच शब्द ठेवला. पुढे हा मासा कमी होत गेला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास सुरू केली. दुसरीकडे, पुण्याच्या नद्यांत आज गप्पी, गॅम्बुझिया, तिलापिया असे परदेशी मासे सापडतात. ते इथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात, त्यांची अंडी-पिल्लं खातात. पाळलेल्या माशांबरोबर त्यांचे रोगही नदीत जातात. आणि टाकीत वाढलेले बरेचसे मासे तर तिथे जगतही नाहीत.

मग काय करायचं? टाकी, मासे आणि आकड्यांची ती वही वर्गातल्या मित्राला द्या, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेला विचारा. कुणीच घेत नसेल, तर दुकानदार मासे परत घेतो का बघा. आणि मित्राला मासे देताना जुना स्पंज ओला ठेवूनच द्या. तुम्ही महिनाभर वाट पाहून तयार केलेलं पाणी त्या स्पंजात असतं!