किण्वन कक्ष, तापनियंत्रित

किण्वन चालू असलेले पात्र ठराविक तापमानात ठेवण्यासाठी तयार केलेली उष्णतानिरोधक पेटी किंवा कपाट. घरगुती प्रमाणावर, म्हणजे सु. २० लि. बिअर तयार करण्यासाठी असा कक्ष बहुधा जुन्या फ्रिजपासून बनवितात.

इतिहास : कृत्रिम प्रशीतनापूर्वी बिअरचे उत्पादन ऋतूवर अवलंबून असे. उन्हाळ्यात बिअर बिघडते, या अनुभवावरून बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ती तयार करण्यास बंदी घालण्यात आली. हिवाळ्यात साठविलेले बर्फ व थंड तळघरे हीच त्या काळची साधने होती. कार्ल फोन लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात म्यूनिक येथील बिअर कारखान्यासाठी प्रशीतन यंत्र तयार केले आणि ही मर्यादा दूर झाली. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कसौलीसारखे थंड हवेचे ठिकाण यासाठी निवडले गेले, तर आज छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज परिसरातील कारखाने मराठवाड्याच्या उष्ण हवेतही बारमाही चालतात. मोठ्या कारखान्यांत टाकीभोवतीच्या पोकळ आवरणातून थंड द्रव फिरवून तापमान राखतात.

तत्त्व : यीस्ट ही सूक्ष्म कवके माल्टच्या अर्कातील शर्करेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करतात [⟶ किण्वन]. या विक्रियेत उष्णता बाहेर पडते. १ किग्रॅ. शर्करेमागे ती सु. १४० किलोकॅलरी असते. मध्यम तीव्रतेच्या २० लि. अर्कात सु. १.६ किग्रॅ. शर्करा किण्वित होते. ही उष्णता मुळीच निघून गेली नाही, तर द्रवाचे तापमान सु. ११° से. नी वाढेल. प्रत्यक्षात तिचा बराच भाग बाहेर जातो. तथापि किण्वन जोरात असताना द्रव भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी उष्ण असतोच. म्हणून कक्षातील हवेचे नव्हे, तर द्रवाचे तापमान मोजणे महत्त्वाचे ठरते.

एल प्रकारच्या बिअरला साधारणपणे १८°–२२° से., तर लागर प्रकाराला ८°–१३° से. तापमान लागते. तापमान वाढल्यास उच्च अल्कोहॉले व एस्टरे अधिक तयार होऊन उग्र चव येते. फार उतरल्यास यीस्ट निष्क्रिय होऊन तळाशी बसते.

हवामानाचा प्रश्न : परभणी जिल्ह्यातील सेलू येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते, तर हिवाळ्यात पहाटे ते १०° से. च्या आसपास किंवा त्याखालीही उतरते. म्हणजे अशा ठिकाणी कक्षात थंडावा व ऊब या दोहोंची सोय हवी. पात्राभोवती ओले फडके गुंडाळून पंखा लावण्याचा उपाय माठाच्याच तत्त्वावर चालतो. परंतु ४०° से. तापमान व २०% सापेक्ष आर्द्रता असताना बाष्पीभवनाने फार तर सु. २२° से. पर्यंत उतरता येते. त्यात किण्वनाच्या उष्णतेची भर पडते आणि पावसाळ्यातील दमट हवेत तर हा उपाय जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

रचना : फ्रिजमधील फळ्या काढून पात्र तळाशी मजबूत आधारावर ठेवतात. फ्रिजचा वीजपुरवठा दोन स्विच असलेल्या बाह्य तापनियंत्रकातून देतात. त्यांतील एक स्विच थंडावा व दुसरा ऊब नियंत्रित करतो. तापमापक टोक पात्राच्या बाजूस द्रवाच्या पातळीखाली चिकटवून त्यावर फोमचा तुकडा बांधतात. चालू-बंद होण्यातील अंतर ०.५°–१° से. ठेवतात आणि काँप्रेसर वारंवार चालू होऊन खराब होऊ नये म्हणून ३ ते ५ मिनिटांचा विलंब योजतात. उबेसाठी कमी शक्तीची तापपट्टी वापरतात. उघडा दिवा वापरू नये, कारण प्रकाशामुळे हॉपमधील घटकांपासून दुर्गंधी निर्माण होते.

दक्षता : वायरसाठी फ्रिजच्या भिंतीला भोक पाडल्यास आतील नळ्या फुटण्याचा धोका असतो; अनेक फ्रिजमधील प्रशीतक वायू ज्वालाग्राही असतो. वायर दाराच्या रबरी पट्टीतून घ्यावी व भूसंपर्कन तपासावे. वरील २० लि. अर्कातून सु. ४०० लि. कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. त्यामुळे पात्र घट्ट बंद न करता त्यास पाण्याची वायुकळ बसवितात आणि खोली हवेशीर ठेवतात.

कायदा व इतर उपयोग : ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला संघीय करातून सूट मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मग ते स्वतःपुरते का असेना, गुन्हा आहे. तथापि हाच कक्ष इडलीचे पीठ (सु. ३०° से.) आंबविण्यास आणि दही (सु. ४२° से.) लावण्यास उपयोगी पडतो. हिवाळ्यात पीठ न फुगणे व उन्हाळ्यात ते फार आंबणे या दोन्ही नेहमीच्या अडचणी त्यामुळे दूर होतात.