घाई न करणाऱ्यांची शर्यत

२६ जुलै २०२१ रोजी टोकियोच्या ओदाइबा किनाऱ्यावर ऑलिम्पिकची पुरुषांची ट्रायथलॉन झाली. उकाड्यामुळे शर्यत सकाळी साडेसहालाच सुरू करायचं ठरलं होतं. आधी १.५ किलोमीटर पोहायचं, मग ४० किलोमीटर सायकल आणि शेवटी १० किलोमीटर धावायचं. क्रिस्टियन ब्लूमेनफेल्टने हे सगळं १ तास ४५ मिनिटं ४ सेकंदांत संपवलं. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या नॉर्वेचं या खेळातलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक, आणि तेही सुवर्ण.

एखादा खेळाडू असामान्य निघाला, असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. ब्लूमेनफेल्ट, गुस्ताव इडेन आणि कॅस्पर स्टोर्नेस हे तिघंही पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या बर्गन शहराचे. २०१८ मध्ये बर्म्युडातल्या जागतिक मालिकेच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक या तिघांनीच घेतले. २०२२ मध्ये हवाईतली आयर्नमॅन, म्हणजे लांब अंतराच्या ट्रायथलॉनची, जागतिक स्पर्धा इडेनने जिंकली. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या नीसला याच स्पर्धेत स्टोर्नेस, इडेन, ब्लूमेनफेल्ट असा क्रम लागला, आणि त्याच वर्षी हवाईला महिलांचं विजेतेपदही नॉर्वेच्याच सोल्वाइग लोवसेथने मिळवलं. एवढं सगळं नशिबाने होत नाही.

मुळाशी जायचं तर आधी नॉर्वेतल्या लहान मुलांच्या खेळाकडे पाहावं लागतं. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी देशभर लागू असणारे नियम आहेत. अकराव्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत. तेराव्या वर्षाआधी मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरवायचं नाही. त्या वयात मुलांनी निरनिराळे खेळ खेळावेत आणि खेळत राहावं, एवढीच अपेक्षा. आठव्या वर्षी हरलेलं मूल त्यामुळे मैदान सोडून जात नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी खरी निवड होते तेव्हा निवडीला पुष्कळ मुलं हाताशी असतात.

ट्रायथलॉनला हे विशेष मानवतं. अव्वल गटाच्या शर्यतींत १९९५ पासून दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवत सायकल चालवायला परवानगी आहे. त्यामुळे पोहण्यात पुढच्या घोळक्याची साथ सुटली, तर सायकलवर तो घोळका गाठता गाठता पाय संपतात. धावणं उशिरा सुधारता येतं, पण पाण्याची सवय लहानपणीच लागावी लागते. म्हणूनच जगभरचे निवडकर्ते आधी तरणतलावाकडे वळतात. अमेरिकेची ग्वेन जॉर्गेन्सन कॉलेजात पोहत आणि धावत असे. पुढे ती कर सल्लागाराची नोकरी करत असताना तिथल्या महासंघाने तिला ट्रायथलॉनकडे वळवलं. २०१६ मध्ये रिओत तिने सुवर्णपदक जिंकलं.

निवडीनंतरचं काम किचकट असतं. बर्गनच्या मुलांना प्रशिक्षक आरिल्ड त्वाइतेन यांनी एकत्र वाढवलं. पुढे त्यांच्या जोडीला ओलाव अलेक्झांडर बू हे अभियंते आले. सरावात रक्ताचा थेंब घेऊन श्रमाबरोबर वाढणारं लॅक्टेट तपासायचं आणि जोर ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची पद्धत. स्पेनमधल्या सिएरा नेवाडात सुमारे २,३०० मीटर उंचीवर त्यांची शिबिरं होतात. रिओत ब्लूमेनफेल्ट तेरावा आला होता आणि टोकियोनंतर पॅरिसला बारावा. म्हणजे मोजमाप केल्याने पदकाची हमी मिळत नाही. पण तेराव्या क्रमांकानंतरही त्याच गटावर आणि त्याच मार्गावर भरवसा ठेवला गेला, हे महत्त्वाचं.

या खेळात उगवत्या खेळाडूंना सर्वांत मोठा धोका असतो अपुऱ्या आहाराचा. तीन खेळांचा सराव करायचा आणि वजन कमी राहावं म्हणून हात आखडून जेवायचं, यातून मुलींची पाळी थांबते, हाडांना बारीक तडे जातात, मुलांचीही वाढ आणि ताकद खुंटते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली. पाळी थांबली म्हणजे सराव चांगला चालला आहे, असं समजणारा प्रशिक्षक मुलीचं नुकसानच करत असतो.

सरावासाठी सुरक्षित जागाही तितकीच महत्त्वाची. ब्रिटनचे ट्रायथलॉनपटू ब्राउनली भाऊ यांच्या लीड्स शहरात २०१७ मध्ये सायकलसाठी मोटारींना बंदी असलेला सुमारे १.६ किलोमीटरचा रस्ता बांधला गेला. ट्रकच्या चाकांची धास्ती न बाळगता मुलं तिथे वळणं घ्यायला आणि घोळक्यात चालवायला शिकतात.

आपल्याकडे गुणवत्ता नाही, असं म्हणता येणार नाही. २०२५ च्या उत्तराखंडमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ट्रायथलॉनचं सुवर्ण डॉली पाटीलने आणि रौप्य मानसी मोहितेने महाराष्ट्राला मिळवून दिलं. गोव्यात २०१९ पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होते आणि चाळिशी ओलांडलेले कितीतरी मराठी हौशी स्पर्धक तिथे हौसेने उतरतात. त्यांचा हा उत्साह, पैसा आणि अनुभव कुमार गटाकडे वळायला हवा.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. महापालिकांनी तरणतलाव पहाटे कुमार खेळाडूंना द्यावेत. रविवारी सकाळी दोन तास एखादा रस्ता वाहनांना बंद ठेवावा. संघटनांनी एकाच प्रशिक्षकाला एका गटाबरोबर दहा वर्षं राहू द्यावं. आणि आईबाबांनो, दहा वर्षांच्या लेकराने किती पदकं आणली ते मोजू नका. विसाव्या वर्षी ते आनंदाने सराव करत असेल, तर तुमचं काम नीट झालं असं समजा.