संक्रांतीचं वाण : कापड फुकटचं, हात फुकटचे नव्हेत



दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच गटाच्या बैठकीत विषय निघतो, यंदा वाण काय लुटायचं? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. कुणाकडे वीस बाया येतात, कुणाकडे पन्नास. मग तालुक्याच्या बाजारातून प्लास्टिकचे डबे, गाळण्या, वाट्या डझनावारी आणायच्या. रथसप्तमी झाली की आपापली फळी बघा. तेच चार डबे तुमच्याकडे, तेच शेजारणीकडे. पैसा मात्र गावाबाहेर गेलेला असतो.

हेच वाण आपल्या गटात, उरल्यासुरल्या कापडातून कसं करायचं, ते आज सांगते. शिवणं तुम्हाला येतंच. आपल्या सातारा-सांगलीकडे वाकळ शिवायला कुणाला क्लास लावावा लागत नाही. आपण अडतो ते किंमत सांगताना. त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आधी कापड. दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत सणाचे आणि लग्नाचे ब्लाऊज शिवून शिवून टेलरकडे कातरणीचं पोतं भरलेलं असतं. मागितलं तर बहुतेक जण देतात. दुसरा साठा आपल्या ट्रंकेत आहे, ओटीत आलेले ब्लाऊजपीस. ते कुणी शिवत नाही. या ओटीतून त्या ओटीत गावभर फिरतात आणि कधीकधी आपलाच पीस घडी न मोडता आपल्याकडे परत येतो! हे कोरं कापड आहे. तिसरं म्हणजे जुन्या सुती साड्या, ज्यांचा मधला भाग विरलाय पण काठ-पदर धड आहे.

सगळं एकत्र शिवायला घेऊ नका. कापड सुती आहे का, हे कळत नसेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. दोन्ही एका पिशवीत जोडलं तर धुतल्यावर सुती आटतं आणि शिवण गोळा होते. रंगाचं कापड असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते वेगळं धुवा, आणि तरीही जात असेल तर वाणात घेऊ नका. काळे तुकडे मात्र जपून ठेवा. एरवी सणाला बाजूला सारलेला काळा रंग संक्रांतीला मानाचा असतो. काळ्यावर तिळासारख्या पांढऱ्या ठिपक्यांचा धावदोरा घातला की वेगळी सजावट लागत नाही.

आता काय शिवायचं? मी दोनच वस्तू सांगेन. दहा प्रकार केले की एकही नीट होत नाही.

पहिली, बाजाराची पिशवी. पंधरा इंच रुंद, छत्तीस इंच लांब तुकडा दुमडला की चौदा बाय सोळाची पिशवी होते. पाचवारी साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, म्हणजे आडवे तीन तुकडे निघतात. फाटकं सोडून, बंदांसकट, एका साडीत बारा पिशव्या बसतात. साडी फार झिरझिरीत असेल तर जुन्या परकराचं अस्तर लावा. बंद जिथे जोडता तिथे चौकोनी शिलाई मारून आत फुली मारा. पिशवी फाटते ती तिथेच. राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण आठवडी बाजारात आपण काय बघतो ते तुम्हाला ठाऊक आहे. घरात पाच कापडी पिशव्या असतील तर एखादी तरी हाताला लागते.

दुसरी वस्तू, नाडीचा बटवा. नऊ बाय पंधराचा तुकडा दुमडायचा, वर नेफा काढायचा, नाडी ओवायची. एका ब्लाऊजपिसात सात-आठ बटवे होतात. आत दोन हळकुंडं आणि तिळगूळ ठेवा. सांगलीच्या आणि वाईच्या बाजारातली हळद आपल्या दारची, तीच वाणात जावी. दळलेली हळद मात्र नको, कापडातून गळते आणि कुणाच्या तरी साडीला लागते. तिळगूळही आधी कागदात गुंडाळा.

माण, खटाव, आटपाडीकडच्या बायांकडे जुनी घोंगडी असते. तिच्या धड भागाचं देवापुढचं आसन छान होतं, पण ते वाणाला महाग पडतं. ते वेगळं विका.

एक प्रश्न हमखास येतो, वाण म्हणून जुनं कापड द्यावं का? माझं मत सांगते. गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं, पिशवी जुन्या साडीची आहे आणि बटवा कोऱ्या कापडाचा. लपवायचं नाही. कुणाला जुनं नको असेल तर तिनं बटवा घ्यावा. पण बाळंतविड्यात बाळाचं पहिलं दुपटं आपण मुद्दाम जुन्या मऊ साडीचंच करतो, कारण कोरं कापड बाळाला टोचतं. तिथे जुन्याला मान आहे, मग पिशवीला का नसावा?

आता किंमत. पिशवी केवढ्याला द्यायची असं विचारलं की बाया म्हणतात, "द्या पंधराला, कापड कुठं विकत आणलंय?" इथेच सगळं बुडतं. समजा, बारा पिशव्यांना धुणं, इस्त्री, कापणं, शिवणं, धागे तोडणं धरून एका बाईचा पूर्ण दिवस गेला. तुमच्या शिवारात खुरपणीची जी हजेरी असेल ती इथे धरा. ती तीनशे असेल तर तीनशे. रीळ, सुई, वीज, मशीनचं तेल आणि झीज मिळून साठ. झाले तीनशे साठ, म्हणजे पिशवीला तीस रुपये. हा नुसता खर्च. त्यावर गटाला पाच रुपये राहायचे तर पस्तीस. पंधराला विकली तर बारा पिशव्यांचे आले एकशे ऐंशी. त्यातून साठ वजा केले की दिवसाची मजुरी एकशे वीस. ज्या बाईनं खुरपणीला कमी मिळालं म्हणून बांधावर भांडण केलं असतं, तीच इथे हसून पैसे घेते, कारण काम सावलीतलं आणि कापड फुकटचं!

पस्तीसला वाण कोण घेणार, असं म्हणाल. पन्नास बायांना वाटणारी नाहीच घेणार. तिच्यासाठी बटवा आहे. तो शिवायला वेळ कमी लागतो, त्याचाही असाच हिशोब मांडून भाव काढा. पिशवी शाळेला, पतसंस्थेला, शहरात राहणाऱ्या पाहुण्यांना विकते. राज्यातल्या गटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनचा माणदेशी महोत्सवही मुंबईत भरतो. तिथल्या गिऱ्हाइकाला जुन्या साडीची पिशवी कमीपणाची वाटत नाही, पण वाकडी शिवण चालत नाही. प्लास्टिकच्या डब्याशी भावात बरोबरी करायला जाऊ नका. डबा यंत्र काढतं.

आणखी एक. गटात शिवायला बसणाऱ्यांत नवरा नसलेल्या बाया असतात. त्यांनी शिवलेलं वाण आपण आनंदानं लुटतो आणि हळदीकुंकवाला त्यांना बोलावत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. इतर गावांनीही तसं करावं म्हणून त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं. ठरावाची वाट कशाला बघायची? गटाचं हळदीकुंकू असेल तर हजेरीपटावरच्या सगळ्या नावांना आवतण द्या. एखादी कचरली तर तिला ओढू नका, पण तिच्या हातात वाण सगळ्यांबरोबर पडू द्या.

कामाला लागायचं तर दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकीनं एक जुनी साडी आणि न शिवलेले दोन ब्लाऊजपीस आणावेत. दोन नमुने शिवा, एका वहीत वेळ लिहा, मग भाव ठरवा. ऑर्डर मार्गशीर्षात घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. पौषात लग्नं नसतात, मशीन रिकामं असतं, तेव्हा शिवण उरकते. भोगीच्या आधी आठ दिवस माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला बरा.