डंकर्कचे खेचरवाले

1939 च्या डिसेंबरात मुंबईहून निघालेली जहाजं फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागली, तेव्हा त्यांतून खेचरं उतरली. सोबत त्यांना सांभाळणारे हिंदी सैनिक होते, बहुतेक पंजाबी मुसलमान. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या या चार कंपन्यांच्या पथकाचं नाव ‘फोर्स के-6’.

ब्रिटिशांनी तोवर आपलं सैन्य मोटारींवर आणलं होतं. फ्रान्सच्या बर्फाचिखलात मोटारी अडणार हे दिसू लागलं, तेव्हा हिंदुस्थानकडे खेचरं मागितली गेली. तो हिवाळा कडक निघाला. निसरड्या रस्त्यांवर गाड्या जागच्या जागी थांबत, तिथे या जनावरांनी सामान पोहोचवलं.

खेचरवाल्याला ड्राबी म्हणत. त्याचा दिवस खराऱ्याने सुरू होई. मग चंदी, पाणी, नाल पाहणं. खरं कसब ओझं चढवण्यात. साधारण 70 किलो भार दोन्ही बाजूंना सारखा बसला पाहिजे. एक बाजू जरा जड झाली की खोगीर सरकतं, पाठ सोलवटते आणि ते जनावर कामातून जातं. म्हणून मुक्कामावर ओझं उतरलं की ड्राबी आधी खेचराच्या पाठीवरून हात फिरवणार, सूज आहे का पाहणार, तोबरा चढवणार. स्वतःची भाकरी त्यानंतर. याला मी शौर्यच म्हणतो. दारूगोळा वेळेत पोहोचला नाही तर पुढच्या फळीतली बंदूक नुसतं लोखंड.

1940 च्या मे महिन्यात जर्मन फौजा चाल करून आल्या. माघारीत खेचरं मागे सोडण्याचा हुकूम सुटला. महिनोन्‌महिने ज्यांची निगा राखली ती जनावरं टाकून ही माणसं डंकर्कच्या किनाऱ्यावर आली आणि इंग्लंडला पोहोचली. त्या धामधुमीत जमादार मौला दाद खान यांनी दाखवलेल्या धैर्याबद्दल त्यांना पदक मिळालं. चारांपैकी 22 क्रमांकाची कंपनी मात्र फ्रान्समध्येच जर्मनांच्या हाती लागली. बाकीचे पुढची काही वर्षं ब्रिटनमध्ये राहिले. त्यांच्यापैकी काहींच्या कबरी स्कॉटलंडमधल्या किंगुसी गावी आहेत.

2017 साली आलेल्या ‘डंकर्क’ या गाजलेल्या चित्रपटात हे लोक दिसत नाहीत. पुरवठ्याच्या माणसांना असंच वगळलं जातं. तुमच्या घरातलं कुणी सैन्यात रसद, वाहतूक किंवा भटारखान्यात होतं का? असेल तर त्यांचं सेवापुस्तक जपून ठेवा, आणि ते हयात असतील तर त्यांना बोलतं करून सगळं लिहून घ्या.