मधुमेह आणि ताटांतील निवड

मधुमेह जडल्याचें निदान झालें कीं घरांतील साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. चहा बिनसाखरेचा होतो, सणावारीं पुरणपोळी वर्ज्य होते, आणि पथ्य पूर्ण झालें असें घरच्या मंडळींस वाटतें. परंतु त्याच पानांत मऊ भाताचा ढीग असतो, एकादशीस साबुदाण्याची खिचडी असते; आणि पुढील तपासणींत रक्तांतील साखर पूर्वीइतकीच निघाली म्हणजे रोगी दैवास दोष देतो. हा दोष दैवाचा नसून समजुतीचा आहे.

साखर केवळ गोड पदार्थांतून मिळते, ही ती समजूत. वस्तुतः तांदूळ, गहूं, बटाटा, साबुदाणा यांतील पिष्ट पचनानंतर ग्लुकोज नांवाच्या साखरेच्याच रूपानें रक्तांत उतरतें. प्रश्न दोनच उरतात : ती किती उतरते आणि किती वेगानें उतरते.

हा वेग ताडून पाहण्याची रीत कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं मांडली. ज्या नगरींत १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हातीं आलें, तीच ही नगरी. ५० ग्रॅम कर्बोदकें असतील इतका पदार्थ खावयास द्यावयाचा, पुढील दोन तास रक्तांतील साखर किती चढते हें मोजावयाचें, आणि शुद्ध ग्लुकोजचा परिणाम १०० धरून तुलना करावयाची. येणाऱ्या आंकड्यास ग्लायसेमिक इंडेक्स अथवा शर्करा-निर्देशांक म्हणतात. ५५ पर्यंतचा अंक कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० व त्यावरील अधिक. साखरेचा अंक सुमारें ६५ आहे. मैद्याचा पाव आणि बहुतेक प्रकारचा पांढरा भात तिच्याहि पुढें जातात! उलट हरभऱ्याची डाळ, मसूर, राजमा हीं कमी अंकाच्या वर्गांत मोडतात.

याचीं कारणें स्वयंपाकघरांतच दिसतात. डाळींच्या पेशींचें कवच पिष्टास आवरून धरतें, म्हणून तें सावकाश पचतें. धान्य जितकें बारीक दळावें, जितकें गरगट शिजवावें, तितकें तें लवकर पचतें. कोंडा व भाजीपाल्यांतील तंतू हा वेग मंदावतात. कोंकणांतील उकडा तांदूळ सामान्यतः पांढऱ्या तांदुळाहून सावकाश पचतो. चरकसंहितेंत प्रमेहाच्या रोग्यास जवाचें अन्न सांगितलें आहे; त्या जवाचा अंकहि कमीच आहे.

तथापि केवळ अंकावर विसंबून राहणें इष्ट नव्हे. कलिंगडाचा अंक मोठा, परंतु एका फोडींत पाण्याचाच भाग अधिक व साखर थोडी. उलट आइस्क्रीमचा अंक स्निग्धांशामुळें कमी येतो, म्हणून तें पथ्यकर ठरत नाहीं. यास्तव अंकाबरोबर प्रमाणहि पाहावें. भाताची मूद लहान करावी, तिच्या जोडीस मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व ताक असावें. ज्वारीची भाकरीहि मोजूनच घ्यावी. साखरेऐवजीं गूळ घेतल्यानें कांहीं साधत नाहीं. उपवासाच्या दिवशीं साबुदाण्यावर भर देण्याची चाल तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीसच साजेशी होय.

एक इशारा मात्र विसरतां कामा नये. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानें आहारांत मोठा पालट वैद्यकीय सल्ल्याशिवाय करूं नये. अन्न बदललें आणि औषध तेंच राहिलें, तर साखर प्रमाणाबाहेर उतरते. घाम सुटणें, हात कांपणें, बोलण्यांत गोंधळ होणें हीं तिचीं लक्षणें. रक्तांतील साखर दर शंभर मिलिलिटरांस ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली, तर त्या वेळीं उसळ वा भाकरी उपयोगाची नाहीं, कारण तिचा संथपणाच तेथें घातक ठरतो. सुमारें १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा चहाचे तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें. रोगी बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींहि न घालतां तत्काळ डॉक्टरांची मदत मिळवावी.

म्हणून साखरेचा डबा वरच्या फळीवर जावा हें योग्यच. पण तो तेथें आहे, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें.